रविवारी पाण्यात उतरायचं राहिलं

पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. मी कोल्हापूरची. वय ४१, बँकेत नोकरी, मुलगी सातवीत. चार वर्षांपूर्वी पाठदुखीसाठी पोहायला लागले आणि पाण्याचं वेडच लागलं. टँकमध्ये माझा शंभर मीटरचा वेग दोन मिनिटं वीस सेकंद. मालवणला चिवल्याच्या समुद्रात पाच किलोमीटर पूर्ण केले, तेव्हापासून धरमतरच्या खाडीतून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत पोहायचं मनात घेतलंय, तेही पुढच्याच वर्षी.

डिसेंबरात दत्तजयंतीला लागून आमच्या ग्रुपचं मालवणला दोन दिवसांचं सराव शिबिर झालं. शनिवारी सहा तास, रविवारी चार तास. सहा जण होतो. मी आणि पाच पुरुष, सगळे माझ्याहून लहान. पहिल्या तासाच्या फीडला, म्हणजे होडीवरून मिळणाऱ्या खाण्यापिण्याला, मी होडीपाशी पोचले तोवर बाकीचे पिऊन निघालेसुद्धा होते, म्हणून दोन घोट घेतले आणि मीही निघाले. दुसऱ्या तासानंतर उलटी झाली, कुणाला बोलले नाही. पुढे हुडहुडी भरली. मालवणचं पाणी काय गार असतं का? तीन तास वीस मिनिटांनी होडीवाल्यांनी मला वर ओढून घेतलं. रविवारी मी टॉवेल गुंडाळून वाळूत बसून राहिले. शिबिर घेणाऱ्या सरांनी बोलावलं नाही, मीही उठले नाही. परतीला फोंडा घाट चढताना गाडीत रडले. मिस्टर किनाऱ्यावरून सगळं पाहत होते. ते म्हणतात, आता पुरे. मुलीनं विचारलं, ‘आई, तू बुडत होतीस का?’ फेब्रुवारीत रथसप्तमीच्या लगतच्या शनिवार-रविवारी पुन्हा शिबिर आहे. सर म्हणाले, ‘बघा, तुम्ही ठरवा.’ माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो. जाऊ का?

ता. क. कुणाला सांगितलं नाही, पण तो माझा पाळीचा पहिला दिवस होता. किनाऱ्यावर बायकांसाठी काहीच सोय नव्हती, म्हणून पहाटेपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तुम्ही धास्ती न घेता वाचाल. फक्त डिसेंबरात गेलात तशा जाऊ नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, सराव कमी पडला असेल. मग ता. क. वाचलं आणि सगळं चित्रच बदललं. ज्या दोन ओळी तुम्ही संकोचून शेवटी बारीक अक्षरात लिहिल्यात, त्याच खरं तर पहिल्या यायला हव्या होत्या. पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, पाळीचा पहिला दिवस, पहिल्या तासाला दोन घोट, दुसऱ्या तासानंतर तेही उलटून गेलं. एवढ्या भांडवलावर तुम्ही तीन तास वीस मिनिटं पोहलात! माझ्याकडे शिकणाऱ्या धडधाकट पोरांना असं उपाशी-तहानलेलं समुद्रात सोडलं, तर त्यातली निम्मी दोन तासांत बाहेर येतील. तुमच्या खांद्यांनी दगा दिलेला नाही, फुप्फुसांनीही नाही.

थंडी वाजली याचं तुम्हाला फार आश्चर्य वाटलेलं दिसतं. ‘मालवणचं पाणी काय गार असतं का?’ असं विचारलंय तुम्ही. हिवाळ्यात तिथलं पाणी साधारण २६ ते २८ अंश असतं. अंघोळीला कोमट म्हणावं असं. पण शरीराच्या आतलं तापमान ३७, आणि पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगानं ओढून घेतं. तास-दीड तास काही जाणवत नाही, कारण हात-पाय चालवून तुम्ही तेवढी उष्णता तयार करत असता. ती तयार करायला जळण लागतं. चुलीत लाकूडच नाही, तर चूल विझणार. तुमच्या चुलीत पहाटेपासून काही घातलेलंच नव्हतं. त्यात पोहणं मंदावलं की उष्णता आणखी कमी, अंगाला आणखी गारठा. थरथर सुरू झाली की ती थरथरसुद्धा उरलंसुरलं जळण खाते.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट लिहिते, मनाला लावून घेऊ नका. पहिल्या फीडला तुम्ही दोन घोट घेऊन निघालात, कारण बाकीचे निघाले होते. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर समुद्र आलाच नाही. आलं ते आमचं स्वयंपाकघर. सगळ्यांची ताटं होईपर्यंत थांबायचं, शेवटी उरेल ते भरभर खायचं, आणि तेवढ्यात कुणी हाक मारली तर अर्ध्यावर उठायचं. आईचं पाहिलं, आजीचं पाहिलं, आपणही तेच केलं. ती सवय कपड्यांसारखी किनाऱ्यावर काढून ठेवता येत नाही, पाण्यातही अंगाला चिकटून येते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींच्या अंगात ती असते. पुरुष होडीपाशी आला की ओरडतो, ‘बाटली टाका!’ बाई आधी बघते, सगळ्यांचं झालं का.

तुमचं फीड हे तुमचं आहे. ग्रुप पुढे गेला तर जाऊ दे. दोरीला बांधलेली बाटली आली की ती पुरती संपवायची, तोंडातला खारटपणा साध्या पाण्यानं चूळ भरून घालवायचा, मगच हात मारायचा. याला एक मिनिट पुरतं. सरावानं अर्ध्या मिनिटात होतं. हे अर्धं मिनिट वाचवून कुणाचंही भलं होत नाही. तुमचं तर मुळीच नाही.

खोळंबा होतो म्हणता, त्याचाही हिशेब मांडू. तुमच्या टँकमधल्या वेगावरून समुद्रात तुम्ही ताशी साधारण २.४ किलोमीटर जात असणार. तुमच्याबरोबरची मुलं ३.५ नं जातात असं धरू. स्थिर पाण्यात एक किलोमीटरला तुम्हाला २५ मिनिटं लागतील, त्यांना १७. फरक आठ मिनिटांचा. आता समोरून ताशी एका किलोमीटरचा प्रवाह आला तर? तुमचे उरले १.४, त्यांचे २.५. तोच एक किलोमीटर तुम्हाला ४३ मिनिटांचा आणि त्यांना २४ चा. फरक आठावरून एकोणिसावर गेला, आणि पोहण्यात तुम्ही काडीचाही आळस केलेला नाही. तुमचं शिबिर दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला लागून होतं. उधाणाचं पाणी. चढ-उतार जास्त, ओढ जास्त. येरझाऱ्या घालायच्या म्हटल्यावर एक फेरी प्रवाहाबरोबर, एक विरुद्ध. विरुद्धच्या फेरीत तुम्ही मागे पडलात आणि समजलात की आपण खचलो. तुम्ही भरतीच्या विरुद्ध पोहत होतात, एवढंच.

हे आधी कुणी समजावून सांगायला हवं होतं. शिबिर घेणाऱ्यांना माझं हे सांगणं आहे: वेगाप्रमाणे दोन गट करा, आणि दोन गटांना दोन होड्या, निदान मागच्या गटाला एक कयाक तरी द्या. सहा जणांना एकच होडी असेल, तर ती नेहमी पुढच्यांबरोबर जाते आणि मागचा माणूस एकटा पडतो. ज्याला होडीची गरज जास्त, त्याच्यापासूनच ती सगळ्यांत लांब असते.

रथसप्तमीचे दिवस मात्र तुमच्या बाजूचे आहेत. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पूर्ण आणि मग बारापर्यंत सुकती, म्हणजे ओहोटी. मालवणला घड्याळ थोडं इकडेतिकडे होईल, पण अंदाज बरोबर बसतो. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगेचं पाणी. चढ-उतार कमी, ओढ कमी. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून येतो, तोवर समुद्र तेल ओतल्यासारखा असतो. दहा-अकरानंतर खारे वारे सुटले की पाणी चुरचुरायला लागतं आणि श्वास घेताना तोंडात लाट येते. तुम्हाला उलटी झाली त्यात गिळलेल्या खाऱ्या पाण्याचा हात नक्की असणार. तेव्हा लवकर उतरा, आणि दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायची सवय या महिन्यात टँकमध्येच लावून घ्या. ज्या बाजूनं लाट, तिच्या उलट बाजूला तोंड.

आता त्या गप्प बसण्याविषयी. उलटी झाली आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही, हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यांत काळजीचं वाक्य वाटलं.

उलटी होणं ही काही नामुष्की नाही. लांब पल्ल्याला पोहणारे जवळजवळ सगळेच कधी ना कधी उलटी करतात, तोंड धुतात आणि पुढे जातात. पण होडीवर बसलेल्या माणसाला ती कळली पाहिजे. कारण पुढचं सगळं त्यानं ठरवायचं असतं: पुढचं फीड वीस मिनिटांनी द्यायचं, कोमट द्यायचं, थोडंथोडं द्यायचं, आल्याचा तुकडा द्यायचा की थेट वर घ्यायचं. त्याला ठाऊकच नसेल तर तो तासाचा काटा बघत बसणार. थंडीत अडकलेल्या माणसाला आपली बुद्धी मंदावलीय हेसुद्धा कळत नाही. म्हणून तर वरती दुसरा माणूस असतो.

मी तुमच्याच वयाची नव्हते, बरीच लहान होते, तेव्हाची गोष्ट. मालवणलाच सरावाला गेले होते. पहाटे अंधारात उतरलो. हात मारला की पाण्यात निळसर चमक उठायची, त्या नादात मी रमले होते. मग दंड जड व्हायला लागले. कोच विचारत होते, ‘बरी आहेस ना?’ आणि मी दर वेळी अंगठा वर करत होते. कोचना पटलंही. पण होडी हाकणारा म्हातारा तांडेल काही पटवून घेईना. तो वाकून म्हणाला, ‘गो बाय, तुझ्या हाताचो आवाज बदललो. काय होता तां सांग.’ पाण्यावर हात पडल्याचा आवाज! तो तासभर तोच ऐकत बसला होता. मी रडायलाच लागले. मला वर घेतलं, कोरडं केलं, पेज पाजली. त्या माणसाचं मी आजही नाव घेते, कारण मी खोटं बोलत असताना त्यानं माझ्याऐवजी माझा हात ऐकला.

प्रत्येक होडीवर असा तांडेल नसतो. म्हणून खुणा आधी ठरवून घ्या. फीडच्या वेळी अंगठा करंगळीला टेकवून दाखवायचा. करंगळी अनामिकेपासून फाकून राहत असेल, बोटं जुळत नसतील, तर थंडी आत शिरलीय. वरच्या माणसानं दर अर्ध्या तासाला मिनिटाचे हात मोजायचे. तुम्ही नेहमी साठ हात मारत असाल आणि आकडा पन्नासावर आला, तर तुम्ही ‘बरी आहे’ म्हणालात तरी त्यानं ऐकायचं नाही. मुलीचं नाव, घराचा पत्ता, मोबाइलचे शेवटचे चार आकडे उलटे, असं काहीतरी विचारायचं. उत्तराला वेळ लागला तर वर घ्यायचं. आणि श्वास घेताना छातीत घरघर, खोकल्यातून गुलाबी फेस, छातीत दुखणं, यातलं काही दिसलं तर चर्चा नकोच. तडक बाहेर आणि डॉक्टरकडे. वयाची चाळिशी ओलांडलीय, तेव्हा फेब्रुवारीआधी एकदा ईसीजी आणि रक्तदाब बघून घ्या, हिमोग्लोबिनसुद्धा. आपल्याकडच्या बायकांचं ते किती वेळा कमी निघतं, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

बाहेर काढल्यावर तुम्हाला होडीवर जास्त हुडहुडी भरली असणार. पाण्यातून आल्यावरही वीस-तीस मिनिटं आतलं तापमान उतरतच राहतं, वर वारा. तेव्हा ओला पोशाख लगेच उतरवून कोरडे थर, डोक्याला टोपी, हातात गोड कोमट पेय. कडकडीत पाण्यानं लगेच अंघोळ नको. घाईनं चोळूही नये.

पाळीविषयी कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पाळीत समुद्रात पोहता येतं. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरून मुली सहा-सहा तास पोहतात. ज्यांना पहिल्या दिवशी फार त्रास होतो, त्यांनी त्या दिवशी दोन तासच उतरावं, त्यात काही बिघडत नाही. गोळ्या घेऊन तारीख पुढे ढकलायची असेल तर स्वतःच्या मनानं नको, डॉक्टरांना विचारून. आणि लघवीचं म्हणाल, तर ती पोहताना पाण्यात करायची असते. सगळे करतात. बायकांना सुरुवातीला जमत नाही, अंग आखडतं. पाय सैल सोडून उभं तरंगत दोन-चार वेळा सराव केला की जमतं. लघवीची सोय नाही म्हणून पाणीच न पिणं, हे आपण शाळेत असल्यापासून करतोय, प्रवासात करतो, नोकरीत करतो. समुद्रात हे करणं जिवावर बेतू शकतं. शिबिराच्या आधी सरांना सरळ फोन करा: किनाऱ्याजवळच्या एखाद्या घरात किंवा लॉजवर बायकांसाठी खोली हवी. खोलीचे पैसे सहा जणांत वाटले तर कितीसे होतील? सर संकोचतील, तुम्ही संकोचू नका.

आता रविवार.

तुम्ही शनिवारबद्दल रडलात. मला वाईट वाटलं ते रविवारचं. अशा शिबिरात शनिवार हा फक्त तयारीचा असतो. शिबिर असतं ते रविवारसाठी.

ही पद्धत मी पहिल्यांदा इंग्लंडमधल्या डोव्हरला जवळून पाहिली. माझी एक विद्यार्थिनी इंग्लिश खाडीच्या तयारीला गेली होती, तिच्याबरोबर मी गेले होते. खाडी पोहायची तर आधी १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावं लागतं. त्याची तयारी डोव्हरच्या बंदरात शनिवार-रविवारी चालते. फ्रेडा स्ट्रीटर या बाईंनी तिथे वर्षानुवर्षं असा सराव करून घेतला. त्यांची मुलगी ॲलिसन ४३ वेळा खाडी पोहली. शनिवारी सहा-सात तास, आणि रविवारी सकाळी त्याच गार पाण्यात पुन्हा तेवढेच. शनिवारी सगळे हसतखेळत उतरतात. रविवारी किनाऱ्यावर कुणी बोलत नाही. खांदे उचलत नाहीत, मिठानं जीभ सोललेली, काखेत आणि मानेवर घासून लाल झालेलं, त्यावर पुन्हा व्हॅसलीन आणि लॅनोलिनचा लेप. आणि तरी एकेक जण पाण्यात शिरतो. पहिली वीस मिनिटं फार वाईट जातात. मग हात आपोआप सुटतो.

ती वीस मिनिटं ओलांडता येतात, हे एकदा शरीराला कळलं की धरमतरच्या मार्गात नवव्या तासाला तेच आठवतं. दमलेल्या अंगानं पुन्हा सुरुवात करायची तालीम टँकमध्ये होत नाही, एका दिवसाच्या सरावातही होत नाही. त्यासाठी मधली रात्र लागते. म्हणून तुम्ही शनिवारी एक तास पोहलात की सहा, हे रविवारी सकाळी कुणीच विचारत नसतं. तुम्ही त्या टॉवेलातून उठून अर्धा तास किनाऱ्याला समांतर पोहून आला असता, तर फोंडा घाटात रडला नसतात.

सरांनी बोलावलं नाही, हे त्यांचं चुकलं असं मला वाटतं. कदाचित तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प बसले असतील. पण आदल्या दिवशी वर काढलेल्या माणसाला, तब्येत ठीक असेल तर, दुसऱ्या दिवशी थोडं का होईना पाण्यात नेणं हे कोचचं काम आहे. नाहीतर भीती आठवडाभर मुरते आणि मग तिला हलवायला महिने लागतात.

आरती साहा तुम्हाला ठाऊकच असतील, इंग्लिश खाडी पोहणाऱ्या पहिल्या आशियाई महिला. २९ सप्टेंबर १९५९ ला त्यांनी ती १६ तास २० मिनिटांत पार केली, हे आपण वाचतो. त्याच्या आधी २७ ऑगस्टला त्या एकदा उतरल्या होत्या, हे फारसं सांगितलं जात नाही. त्या दिवशी मार्ग दाखवणारी होडी उशिरा आली, अनुकूल प्रवाहाची वेळ हुकली, आणि इंग्लंडचा किनारा जवळ आलेला असताना उलट्या प्रवाहानं त्यांना बाहेर यावं लागलं. वय होतं अठरा. मधल्या तेहतीस दिवसांत त्या घरी परतल्या नाहीत, तिथेच सराव करत राहिल्या. मला त्या सोळा तासांपेक्षा हे तेहतीस दिवस जास्त मोलाचे वाटतात.

तेव्हा फेब्रुवारीसाठी असं करा. शनिवारी सहा तासांचा हट्ट धरू नका. सरांना आधीच सांगा की मी चार तास पोहणार आणि रविवारी दोन. रविवारचे दोन तास पक्के, काहीही झालं तरी. शनिवारी चार तासांत बरं वाटत असलं, तरीही बाहेर या. हे जास्त अवघड आहे, पण कराच.

फीडची तालीम घरी करा. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एकदम नाही, दर तीस-चाळीस मिनिटांनी थोडी. बाजारातल्या पावडरी चालतात, पण त्या पहिल्यांदा शिबिरात उघडू नका. टँकमध्ये दोन-तीन तास पोहून, तिथेच पिऊन बघा, पोटाला मानवतात का. नाही मानवलं तर आपल्याकडे काय कमी आहे? गाळून पातळ केलेली मीठ घातलेली भाताची पेज, गुळाचं लिंबूपाणी, पिकलेलं केळं, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. खाऱ्या पाण्यानं तोंड कडू झाल्यावर त्या बटाट्याची चव काय लागते, ते पाण्यात असल्याशिवाय कळायचं नाही. मळमळीला आलेपाकाची वडी गालात धरा. शुक्रवारी रात्री वरण-भात पोटभर, मालवणात आहात म्हणून तिखट रस्सा नको. तो रविवारी दुपारसाठी ठेवा. पहाटे उठल्यावर पाणी आणि काहीतरी गोड खाऊन तासाभरानं उतरायचं. काखा, मान, पोशाखाच्या शिवणी, सगळीकडे व्हॅसलीन. खोबरेल तेल पाण्यात टिकत नाही. जेलीफिश डसला तर वाळूनं चोळू नका, गोडं पाणी लावू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, किनाऱ्यावर आल्यावर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवा, आणि सूज किंवा धाप वाढली तर दवाखाना गाठा.

धरमतरबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. पुढच्या वर्षी नको. सुमारे ३६ किलोमीटरचा मार्ग आहे तो. खाडीतून सुकतीबरोबर बाहेर यायचं आणि भरती लागली की तिच्यावर बसून गेटवे गाठायचं, असं त्याचं गणित. दोन्ही पाणी मिळून साधारण बारा-साडेबारा तास. तेवढ्यात पोचलं पाहिजे, नाहीतर गेटवे समोर दिसत असताना पाणी फिरतं. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं, तेव्हा उलट्या पाण्यात दमलेल्या माणसाचं काही चालत नाही. तुमच्या वेगानं स्थिर पाण्यात ३६ किलोमीटरला पंधरा तास लागतात. प्रवाहाची साथ धरली तरी हिशेब काठावर बसतो, आणि तुम्हाला मी काठावर सोडणार नाही. वर्षभरात शंभर मीटरचा वेग दोन मिनिटं पाचपर्यंत आणा. आधी मुंबई बंदरातल्या सन्क रॉकपासून गेटवेपर्यंतचे पाच किलोमीटर करा, म्हणजे मुंबईच्या बंदरातलं पाणी, डिझेलचा वास, लाँचच्या लाटा यांची ओळख होईल. पुढच्या वर्षी घारापुरी ते गेटवे. त्याच्या पुढच्या वर्षी धरमतर. तेव्हा तुम्ही ४३ वर्षांच्या असाल. या खेळात ते वय मुळीच जास्त नाही.

मिस्टरांनी ‘पुरे’ म्हटलं, ते होडीवाले तुम्हाला वर ओढून घेताना त्यांनी किनाऱ्यावरून पाहिलं म्हणून. लांबून पाहणाऱ्याला फक्त धडकी भरते. त्याला काही करता येत नाही. या वेळी त्यांना होडीत बसवा आणि फीडची दोरी त्यांच्या हातात द्या. बाटली टाकायची, रिकामी झाली का बघायचं, अर्धी परत आली तर पुन्हा टाकायची.

लेकीलाही न्या. तिला एक वही आणि घड्याळ द्या. दर अर्ध्या तासाला आईचे मिनिटाचे हात मोजायचे आणि लिहायचे, एवढंच तिचं काम. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला द्यायचं राहिलंय तुमचं. तिला खरं सांगा: बुडत नव्हते, पण मला बरं वाटत नव्हतं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. या वेळी तुला सांगेन.

रविवारी किती वाजता उतरलात आणि वहीत किती हात भरले, ते मला कळवा.

तुमची,
ताई